मदत हवी आहे: मालक कागद करायला तयार नाहीत, महिनाअखेर शिफ्ट व्हायचंय

घाटावरचा_राही
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थोडक्यात. वाड्यातल्या दोन खोल्या पाहिल्या. मला पसंत, आईलाही पसंत. भाडं सात हजार, डिपॉझिट पन्नास हजार. मालक काका म्हणतात, "कागदबिगद कशाला? आपली माणसं तुम्ही. आमचं सगळं शब्दावर चालतं." पण मला गॅसला आणि बँकेत पत्त्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. कराराचं नाव काढलं की काका चहा मागवतात आणि विषय बदलतात. पुण्यातली जागा या महिन्यात सोडायची आहे. काय करू? अनुभव असेल त्यांनीच लिहा. "पुण्यातच राहा" असले सल्ले नकोत.

सुपारीचोर
गाव कुठलं? वाडे नाशकातही आहेत आणि पैठणलाही.

तिरपा_चष्मा
पुण्यातच राहा.

घाटावरचा_राही
वाई. आयडीवरून कळेल असं वाटलं होतं.

सुपारीचोर
आयडीवरून घाट कळला. पसरणीचा, खंबाटकीचा की नदीचा, ते कसं कळणार?

आजोळ_मेणवली
वाईचं नाव वाचलं आणि लॉगिन केलंच! सध्या मुक्काम न्यू जर्सी. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आम्ही पोहायला शिकलो. तिथली ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई स्वारीतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. आम्हा पोरांचा हात पोचत नसे, मग एकमेकांच्या खांद्यावर चढायचो. अजून तशीच आहे का? शूटिंगवाल्यांनी घाटाची काय दशा केली आहे कोण जाणे. तुमचा हेवा वाटतो. बिनधास्त घ्या जागा.

काळा_कोट
बिनधास्त वगैरे नका घेऊ. आधी तीन गोष्टी सांगा. किती महिन्यांसाठी हवी आहे? वाडा कोणाच्या नावावर आहे? आणि पैसे काही दिलेत का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही" हे बाहेरच्या राज्यांतलं ज्ञान आपल्याकडे कोणी आणलं, देव जाणे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे कागद न करण्यात धोका काकांना जास्त आहे. चहा पिता पिता हे त्यांच्या कानावर घाला.

जुनी_विटी
झालं सुरू. अहो वकीलसाहेब, गावात कायदा दाखवत आत शिरलेला भाडेकरू कोणाला आवडेल? मी गेली कित्येक वर्षं वाईत मधल्या आळीत तोंडी बोलीवर राहते. मालकीणबाईंच्या घरी श्रावणात सवाष्ण म्हणून जेवायला जाते. भाडं दोनदाच वाढलं. इथे माणूस बघतात, कागद नाही.

काळा_कोट
ताई, तुमच्या मालकीणबाई दीर्घायुषी होवोत. पण त्यांच्या पश्चात मुंबईहून मुलगा येईल आणि "तुम्ही कोण?" असं विचारेल, तेव्हा सवाष्णीचं ताट दाखवणार का?

जुनी_विटी
मुलगा मला मावशी म्हणतो.

काळा_कोट
वाटणीच्या वेळी नाती आठवत नाहीत. रोज बघतो.

प्लॉट_पंडित
भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा सुरूर फाट्याजवळ प्लॉट बघा. हायवे टच. आज घेतलात तर पाच वर्षांत दुप्पट. एनए (बिगरशेती) आहे का एवढंच बघायचं. तपशील हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुपारीचोर
माणूस दोन खोल्यांचा करार विचारतोय आणि तुम्ही त्याला हायवेवर नेऊन बसवताय.

सुमनमावशी
बाळा, सगळे कायदा सांगतायत, मी एकच विचारते. संडास कुठे आहे? वाड्यात खोल्या बघताना सागवानी खांब बघून माणूस खुळावतो आणि नेमकं हेच बघायचं राहतं. आई बरोबर आहे ना? रात्री अंगण ओलांडून जायचं असेल तर पावसाळ्यात फरशीवर शेवाळ येतं. माझ्या जाऊबाई अशाच पडल्या होत्या.

आणि न्हाणीघरातलं पाणी कुठे जातं तेही बघ. जुन्या वाड्यांची मोरी कधी कधी भिंतीतच मुरते. मातीची भिंत खालून पोकळ होते आणि वरून चुना मारलेला असल्यामुळे कळत नाही. हाताच्या मुठीने जोत्याजवळ ठोकून बघ. बद्द आवाज आला तर ती खोली सोड. खांबाच्या बुडाशी भुसा पडलेला दिसला तर वाळवी किंवा भुंगा.

घाटावरचा_राही
मावशी, संडास मागच्या अंगणात आहे, सामाईक. खोल्या खाली आहेत, सोप्याला लागून, त्यामुळे जिन्याचा प्रश्न नाही. भिंती ठोकून बघतो.

काळा कोट, सध्या अकरा महिने, पुढे जमलं तर जास्त. वाडा काकांच्या वडिलांच्या नावावर आहे बहुतेक. ते वारले. काकांना दोन भाऊ, एक नाशिकला, एक कॅनडात. वर एक जुने भाडेकरू आहेत. पाच हजार टोकन फोनवरून पाठवलंय, त्यात काय विशेष?

काळा_कोट
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं, साहेब.

तिरपा_चष्मा
धागा आत्ता सुरू झाला.

नगरपरिषद_निवृत्त
आता मी बोलतो, कारण असली प्रकरणं खिडकीवर बसून पाहिली आहेत. काका कागद का करत नाहीत याचं उत्तर वरच्या मजल्यावर आहे. ते वरचे भाडेकरू महिना किती देतात विचारा. पन्नास-शंभर रुपये असणार. जुन्या भाडे कायद्यातले. न भाडं फारसं वाढवता येत, न खोली सहजी खाली करून घेता येत. त्यामुळे काकांसारख्यांनी एक धसका घेतलाय: कागद केला की "कूळ लागतं". खरं तर कूळकायदा शेतजमिनीचा, घराशी त्याचा संबंध नाही. पण भीती खरी आहे, तिची चेष्टा करू नका.

नोंदवलेल्या लीव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की ताबा परत द्यावाच लागतो. नाही दिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट फी, म्हणजे भाडं, वसूल होते. म्हणजे वरच्या भाडेकरूसारखं होऊ नये यावरचा उपायच तो कागद आहे. हे काकांना नीट समजावून सांगा, नरमाईनं.

दुसरा प्रश्न भावांचा. घरपट्टीची पावती काकांच्या नावाने असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, ऑनलाइन मिळतं. वडिलांनंतर वारसनोंद झालेली असेल तर तिघांची नावं दिसतील. तिघेही करारात मालक म्हणून सहीला यावेत, नाहीतर बाकी दोघांनी काकांना मुखत्यारपत्र द्यावं. कॅनडावाल्यांसाठी मुखत्यारपत्रच सोयीचं.

जुनी_विटी
दोन खोल्यांसाठी कॅनडाहून मुखत्यारपत्र! तोवर यांची पुण्यातली जागा गेली असेल आणि वाईतल्या खोल्याही.

नगरपरिषद_निवृत्त
बरोबर आहे, वेळ लागेल. व्यवहारात बरेच जण एकाच भावाच्या सहीने करतात आणि चालून जातं. पण निदान नाशिकच्या भावाशी फोनवर बोला. भावाभावांत बोलाचाली बंद असेल तर ती जागा सोडा, खांब कितीही सुंदर असोत. भांडण त्यांचं आणि कुलूप तुमच्या सामानाला.

कृष्णाबाईचा_भक्त
नक्की कुठल्या आळीत ते सांगा. गणपती आळीत किंवा धर्मपुरीत नदीकडच्या बाजूला असाल तर पुराचं विचारून घ्या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ साली ती शोभेसाठी नाही बांधली, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून बांधली. धोम धरणाचं पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा पाणी कुठवर येतं. मालकाला विचारू नका.

आणि शांत गाव म्हणून येत असाल तर बरोबर तारखा धरून या. कृष्णाबाईच्या उत्सवात एकेका घाटाची पाळी असते, तेव्हा शांतता नाही, मजा असते. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा, रंगपंचमीला बावधनचं बगाड. गर्दीची तक्रार करत बसाल तर गावात राहू नका.

तिरपा_चष्मा
आणि शनिवार-रविवार? पाचगणी-महाबळेश्वरला निघालेलं अख्खं पुणे गावातून जातं. हॉर्नचा उत्सव बारमाही.

कृष्णाबाईचा_भक्त
ते तुमचेच पुणेकर. आम्ही बोलावलेलं नाही.

पानाड्या
घरून काम करत असाल तर लोकमान्य टिळक ग्रंथालयाचं सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात मांडला, पहिला खंड १९७६ला आला. एवढं मोठं काम पुण्या-मुंबईत न होता इथे झालं, याचं अजूनही अप्रूप वाटतं.

सुपारीचोर
इंटरनेट आहे का ते तरी विचारा आधी. ग्रंथालयात बसून क्लायंट कॉल घेणार आहेत का?

पानाड्या
हळू आवाजात घेता येईल.

वानरवैरी
इंटरनेटवरून आठवलं. वाड्याच्या कौलांवरून आलेली केबल वानरं ओढतात. आमच्याकडे डिश अँटेनावर एक हुप्प्या रोज बसायचा. वायर पाइपातून आणि भिंतीलगत घ्या. खिडकीत पापड, कुरडया, मिरच्या काहीही वाळत घालू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे का?

आजोळ_मेणवली
आमची आजी वानरांना "मारुतीराया, जा रे" म्हणायची आणि ती जायची.

वानरवैरी
आता फक्त फटाक्यांना जातात, आणि तेही दहा मिनिटांपुरती.

घाटावरचा_राही
सगळ्यांचे आभार. आळी मुद्दाम सांगत नाही, गाव लहान आहे. नदीपासून बरीच वर आहे. शेजारच्या आजोबांना विचारलं, पाणी तिथवर आलेलं नाही.

काल काकांकडे परत गेलो. निवृत्त साहेबांनी सांगितलं तसं वरच्या मजल्याचा विषय काढला. वरचे भाडेकरू महिना पंच्याहत्तर रुपये देतात आणि नळ गळला की काकांना हाक मारतात! मग मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याचं सांगितलं. काका गप्प बसले, मग म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." नाशिकच्या भावाला माझ्यासमोर फोन लावला. त्यांची हरकत नाही, सहीला येतो म्हणाले. कॅनडावाल्यांशी बोलून मग ठरवू म्हणाले. मालमत्ता पत्रकावर तिघांचीही नावं आहेत.

भिंती ठोकल्या. न्हाणीघराला लागून एक कोपरा बद्द वाजतो, बाकी ठीक.

आता दोन प्रश्न. नोंदणीला खर्च किती येतो? आणि काका म्हणाले शाकारणी (पावसाआधी कौलं चाळून नीट लावणं) तुम्ही करून घ्यायची. हे बरोबर आहे का?

काळा_कोट
खर्च किरकोळ आहे. एकूण भाडं, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. तुमच्या आकड्यांना काही शेकड्यांतच भागेल. नोंदणी फी शहरी हद्दीत १०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे. कोणी किती भरायचं ते आपसात ठरवा, निम्मं-निम्मं चालतं. दिलेलं पाच हजारांचं टोकन डिपॉझिटमध्ये धरल्याचं करारात लिहून घ्या. आणि कॅनडाच्या भावाकडून निदान एक ईमेल काकांना येऊ द्या, "माझी संमती आहे" एवढा. मुखत्यारपत्र नाही, पण नसण्यापेक्षा बरा.

सुमनमावशी
शाकारणी मालकाची. छप्पर त्याचं, कौलं त्याची. भाडेकरू अकरा महिन्यांनी जाणार, त्याने का कौलं चाळायची? मेमध्येच करून घ्यायला लाव, जूनमध्ये माणसं मिळत नाहीत. आणि मंगलोरी कौलं आहेत की जुनी नळीची ते बघ. नळीची असतील तर शाकारणारा माणूसच शोधावा लागतो, वानरांनी निम्मी सरकवलेली असतात.

जुनी_विटी
पूर्वीपासून वाड्यात निम्मी मजुरी भाडेकरू देतात. सगळं मालकावर टाकलंत तर पहिल्याच महिन्यात तोंडं वाकडी होतील.

सुमनमावशी
तुमच्यासारख्या देणाऱ्यांमुळेच मालकांना सवय लागते, बाई.

वानरवैरी
निम्मी-निम्मी करा पण वर काटेरी तारेची जाळी मालकाकडून लावून घ्या.

प्लॉट_पंडित
प्लॉटवर आरसीसी बांधलंत तर शाकारणीचा प्रश्नच येत नाही. ऑफर अजून खुली आहे.

तिरपा_चष्मा
राही, तुमचं नाही जमलं तर काकांचा नंबर व्यनि कराल का? सात हजारांत सोप्याला लागून दोन खोल्या, मला चालतील.

सुपारीचोर
तुम्ही तर पुण्यातच राहा म्हणत होतात?

तिरपा_चष्मा
त्यांना म्हटलं होतं.