किट लेन्स मऊ आहे की माझंच काही चुकतंय? (दशावताराचं शूटिंग)

जत्रेकरी :
नमस्कार मंडळी. मी कुडाळच्या बाजूचा. दिवसा गॅरेजमध्ये गाड्या खोलतो आणि जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार शूट करत फिरतो. पैसे मिळत नाहीत, वेड आहे.

गेल्या वर्षी मिररलेस कॅमेरा घेतला. २४ मेगापिक्सेल, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, सोबत आलेली १६-५० मिमी पॉवर झूम, म्हणजे खटका दाबून झूम होणारी किट लेन्स. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर खाली तेच भांडण सुरू होईल.

दिवसा काढलेले फोटो झकास येतात. व्हिडिओ मात्र मऊ. अगदी आउट ऑफ फोकस म्हणता येणार नाही, पण तलम कापड मध्ये धरल्यासारखा. राजाच्या मुकुटावरचे मणी एकमेकांत वितळलेले. संकासुराचा काळा वेष म्हणजे नुसता काळा डाग. सेटिंग : ४के, २५ फ्रेम, शटर १/५०, झूम टोकाला म्हणून एफ ५.६ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं जास्त उघडं), आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ६४००. ट्रायपॉडवर, गर्दीच्या मागून. पुढे बसायला जागा मिळत नाही, पुढची जागा पोरांची आणि म्हाताऱ्यांची.

परवा राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या एका काकांना क्लिप दाखवली. ते म्हणाले, "झिला, माझां त्वांड पिठात बुडयल्यासारख्यां दिसता रे." तेव्हापासून झोप नाही.

२५ हजार साठवलेत. लेन्स बदलू का? आणि मुळात व्हिडिओसाठी लेन्स शार्प आहे की नाही हे ठरवायचं कसं? यूट्यूबवर सगळे विटांच्या भिंतीचे फोटो काढतात, व्हिडिओबद्दल कोणी बोलत नाही.

फक्त_प्राईम :
किट लेन्स म्हणजे बॉडीला धूळ लागू नये म्हणून दिलेलं झाकण. ५० एफ १.८ प्राईम (झूम नसलेली लेन्स) घे, विषय संपला.

मिरजेचे_काका :
जत्रेकरी, २५ हजार आधी खिशात राहू देत.

मी मिरजेत ३० वर्षं लग्नं काढतोय. सुरुवात व्हीएचएसवर केली. त्या टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील उमटायचा, आणि त्या कॅसेटी बघून नवरीच्या आया ढसाढसा रडायच्या. एकीनेही कधी म्हटलं नाही की फुटेज सॉफ्ट आहे. असो, तो काळ वेगळा.

आता हिशेब बघ. तुझा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल. फोटोच्या जवळपास एक तृतीयांश. जी लेन्स २४ मेगापिक्सेलचं पोट भरते, ती ८ ला उपाशी ठेवेल का? तूच म्हणतोस फोटो झकास येतात. म्हणून व्हिडिओ मऊ दिसला की मी लेन्सकडे सगळ्यात शेवटी येतो. आधी फोकस, मग हलणं, मग आयएसओ, मग कॅमेऱ्याच्या मेनूत लपलेल्या भानगडी.

ओळख परेड अशी लाव. रद्दीतला पेपर घे, जोडपान उघडून भिंतीला चिकटव, चारी कोपरे ताणून. पाचेक फुटांवर ट्रायपॉड. कॅमेरा पेपरच्या समोर अगदी सरळ हवा, जरा तिरका राहिला तर एक बाजू मऊ येईल आणि तू विनाकारण लेन्सला शिव्या देशील. दिवसाचा उजेड, आयएसओ कमीत कमी. स्टॅबिलायझेशन बंद, कारण ट्रायपॉडवर ते कधी कधी स्वतःच थरथरतं. फोकस हाताने, स्क्रीनवर मोठं करून, छोट्या जाहिरातींच्या अक्षरावर. झूम टोकाला नेऊन आधी रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) एक फोटो, मग तिथूनच १० सेकंद व्हिडिओ. घरी येऊन फोटो ३८४० रुंदीला लहान कर, व्हिडिओतून एक फ्रेम काढ, दोन्ही शेजारी लावून शंभर टक्क्यांवर बघ. फोटोही मऊ असेल तर लेन्स दोषी. फोटो कडक आणि व्हिडिओ मऊ असेल तर लेन्स सुटली, चोर बॉडीत आहे.

फोकसचं एक सांगतो. या झूमना फोकस एका जागी धरून ठेवता येत नाही. १६ ला फोकस करून ५० ला गेलास की तो सरकतो. फोटोत कळत नाही कारण दरवेळी नव्याने लागतो. व्हिडिओत आधी झूम, मग फोकस.

दुसरं, व्हिडिओत शार्प दिसणं आणि तपशील असणं यात फरक आहे. काही कॅमेरे सेन्सरच्या ओळी गाळून वाचतात. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे. तिथे एका दुकानात मी ओळीने टांगलेल्या सतारी काढल्या होत्या. पहिल्या नजरेला फुटेज एकदम धारदार. नीट बघितलं तर तिरक्या तारांना जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या, आणि कॅमेरा जरा फिरवला की पायऱ्या मुंग्यांसारख्या चालायच्या. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीला लावली, तार सरळ. सोनी ए६४०० सारखे कॅमेरे ६के, म्हणजे ६००० पिक्सेल रुंद एवढं वाचून त्याचं ४के करतात, तिथे हा त्रास फार कमी. कॅनन एम५० ला ४के लावलं की चौकट साधारण दीडपटीहून जास्त आवळते, म्हणजे तीच लेन्स तिथे वेगळीच वागते. त्यामुळे "ही लेन्स व्हिडिओला कशी आहे" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या बॉडीवर, कुठल्या मोडमध्ये, हे सांगावं लागतं.

आणि मेनूत शार्पनेस वाढवून ठेवलास का? ठेवला असशील तर काढ. त्याने कडांना पांढरी किनार येते, मणी येत नाहीत.

एडिट_टेबल :
काकांशी सहमत. माझी छोटी भर. क्लिप बघितली कुठे? एडिटिंगमध्ये प्रीव्ह्यू अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर असेल तर सगळंच मऊ दिसतं. त्या कलाकारांना व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर ती क्लिप पुराव्यात धरूच नका. मूळ फाइल मोठ्या स्क्रीनवर बघा.

शिवाय आयएसओ ६४०० ला क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आतल्या आत नॉइज (चित्रातले दाणे) पुसतो. पुसताना गालावरचा रंग, कापडाची वीण सगळं एकत्र सारवतो. तुमच्या राजाचं पीठ तिथलं असण्याची शक्यता मोठी.

जत्रेकरी :
काका, परेड लावली. जरा लाज वाटतेय, तरी लिहितो.

मागच्या पडवीत जोडपान चिकटवलं, आईने विचारलं कोण वारलं. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. फोटो कडक. वधू-वर जाहिरातीतलं "रंग गोरा" सुद्धा वाचता आलं. व्हिडिओची फ्रेम शेजारी लावली आणि ती मऊ, अगदी जत्रेतल्यासारखीच. आयएसओ १०० होता, म्हणजे नॉइजचा प्रश्न नाही. फोकस मोठं करून दोनदा तपासला.

मग सहज कॉलम मोजले. फोटोत डावीकडून उजवीकडे १६ कॉलम. व्हिडिओत ८.

ट्रायपॉड हलवला नव्हता. झूम दोन्ही वेळा टोकाला. मग अर्धा पेपर गेला कुठे? पुन्हा व्हिडिओ मोडला गेलो, खटका हळूहळू दाबत स्क्रीनकडे बघत बसलो. पट्टी ५० ला आली, एक क्षण थबकली, आणि पुढे सरकत गेली. कोपऱ्यात बारीक अक्षरात २.० एक्स. मेनू उघडला तर डिजिटल झूम चालू! रॉ फोटोत तो चालतच नाही, म्हणून फोटोत खटका ५० ला थांबायचा. व्हिडिओत मी वर्षभर तो टोकापर्यंत ओढतोय आणि मला वाटत होतं लेन्स इतकी लांब जाते. हाताला काही फरक कळत नाही ना, रिंग थोडीच आहे, खटका आहे.

रोज दुसऱ्यांच्या गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगतो मी.

मिरजेचे_काका :
हाहाहा. अरे, लाजू नको. मी एकदा सबंध हळद लेन्सवर बोटाचा ठसा ठेवून काढली होती. लोक म्हणाले काय सुंदर स्वप्नाळू इफेक्ट दिलाय.

आता बघ काय होत होतं. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे सेन्सरच्या ६००० पैकी मधले ३००० पिक्सेल. फ्रेमला हवेत ३८४०. उरलेले कॅमेरा अंदाजाने भरत होता. दूध कमी पडलं म्हणून पाणी घालून पेले भरले, तसं. वर आयएसओ ६४००, म्हणजे ते दूधही आधीच पातळ.

एक तपासणी अजून कर. १६ वर, जांभ्याची भिंत असेल तर उत्तम, तिच्या भोकाभोकांत तपशील भरपूर असतो. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ येतीलच. या लेन्सचा वाकडेपणा सॉफ्टवेअरने ताणून सरळ केलेला असतो, त्यात कोपरे पातळ होतात. पण डावं आणि उजवं सारखंच मऊ हवं. एकच बाजू मऊ आली तर कॅमेरा उलटा करून, डोक्यावर उभा, पुन्हा काढ. भिंतीची तीच बाजू मऊ राहिली तर तुझा ट्रायपॉड तिरका. भिंतीची दुसरी बाजू मऊ झाली तर लेन्सच्या आतली काच सरकलेली आहे. तेवढ्यासाठीच लेन्स बदल.

फक्त_प्राईम :
ठीक आहे, पण रात्रीच्या जत्रेत ५.६ म्हणजे हाल आहेत हे तरी मान्य करा. १.८ वर जवळपास दहापट उजेड आत येतो. ६४०० चा आयएसओ साडेसहाशेच्या आसपास येईल. पीठ गेलं.

मिरजेचे_काका :
मान्य. हे तू पहिल्याच वेळी लिहिलं असतंस तर मी इतका लांबलो नसतो. प्राईम घ्यायचा तो उजेडासाठी. पण दशावतारात तलवारी घेऊन दोघं भिडतात, एक पुढे एक मागे. १.८ वर एकाचं नाक फोकसमध्ये आणि दुसरा धुक्यात. २.८ पर्यंत बंद करावी लागेल, तरी ५.६ पेक्षा चौपट उजेड आहे. आणि प्राईमला झूम नाही. गर्दीच्या मागून ५० वर तुला अख्खा रंगमंच दिसेल, राजा नाही.

उलटं दिवसाचं. दुपारच्या उन्हात आयएसओ १००, शटर १/५० धरलं तर एफ २२ पर्यंत जावं लागतं, आणि तिथे कुठलीही लेन्स मऊच होते, लाखाची असली तरी. त्यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काळपट काच. पालखीचे तुझे दिवसाचे व्हिडिओ पण मऊ असतील तर ते कारण बघ.

जत्रेकरी :
डिजिटल झूम बंद. जांभ्याची भिंत काढली, डावं-उजवं सारखं. लेन्स निर्दोष सुटली. पालखीच्या जुन्या क्लिप उघडल्या, सगळ्या एफ २२. काका, तुम्ही ज्योतिषी आहात काय.

काल रात्री जत्रेला लवकर गेलो, मृदंगवाल्यांना विचारून त्यांच्या बाजूला, पायपेटीच्या मागे एक कोपरा मिळवला. रंगमंचापासून आठ फूट. ५० लागलाच नाही, ३० च्या आसपास काढलं. तिथे लेन्स थोडी जास्त उघडते. आयएसओ ३२०० वर भागलं. झांज कानात वाजत होती, आवाजाचं काय झालंय देव जाणे. पण चित्र! मुकुटावरचा एकेक मणी सुटा. राजा घामाघूम झाल्यावर कपाळावरच्या रंगाला गेलेला तडा सुद्धा दिसतोय.

प्राईम घेईन बहुतेक, पण पुढच्या हंगामात. आधी आवाजासाठी माइक.

पहाटे नाटक संपल्यावर त्याच काकांना कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर दाखवलं. अर्धा रंग पुसलेला, हातात चहाचा ग्लास. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता तर शेल्याक लावलेली सेफ्टी पिन पण दिसता. फुडच्या जत्रेक जरा लांबसून काढ."