गणपतीत मुलांना वाचून दाखवायला देव-पुराण आणि विज्ञान दोन्ही असलेल्या कथा सुचवा (इंदूर)

मालव्यातली_मावशी:
नमस्कार मंडळी, यंदा आमच्या कॉलनीत गणपतीचे दहा दिवस आरती झाली की अर्धा तास मुलांना गोष्ट सांगायची असं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. मुलं सातवी ते दहावीची, घरात मराठी बोलतात पण शाळा हिंदी-इंग्रजी, त्यामुळे स्वतः वाचत नाहीत, ऐकतात मात्र मन लावून. मला अशा विज्ञानकथा हव्यात ज्यात देव आहे, श्रद्धा आहे पण लेखक तिची खिल्ली उडवत नाही, आणि "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" हेही नको. मागच्या वर्षी एका काकांनी पुष्पक विमानावर भाषण दिलं, नववीतल्या एका मुलीने विचारलं की त्यात इंधन काय घालायचे, तर तिला खाली बसवलं. ती नंतर प्रसादालाही थांबली नाही. मला ती यंदा परत यायला हवीय.

राजवाडा_७८:
ताई, खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांपासून सुरू करा, दुसरा विचारच नको. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आद्याक्षरं उलटी करून, आपलं नाव बघून कोणी नंबर देऊ नये म्हणून, आणि बक्षीस मिळालं. मुलांना आधी हे सांगा, कान टवकारतील. 'वामन परत न आला' पण घ्या, नावात बळीची गोष्ट आणि आत यंत्रमानव, पण ती कादंबरी आहे, दोन-तीन दिवस लागतील.

कॅट_रोडवाला:
मी म्हणेन पहिल्या दिवशी विज्ञानकथा नकोच, भागवताच्या नवव्या स्कंधातली रेवतीची गोष्ट सांगा. राजा ककुद्मी मुलीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, हिला नवरा कोण शोधू म्हणून विचारायला, तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं म्हणून दोघं जरा थांबतात, गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणतात की तू मनात धरलेली सगळी स्थळं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडंही गेली, खाली २७ चतुर्युगं उलटलीयत. मग बलरामाशी लग्न होतं.

इथे थांबा आणि मुलांना विचारा, असं खरंच होऊ शकतं का? मग आपल्या कॅटमधल्या, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या, इंडस-२ कडे या. ती मशीन म्हणजे साधारण १७२ मीटर घेराचं कडं, त्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्या इलेक्ट्रॉनच्या हातात घड्याळ दिलं तर आपला १ तास त्याला पाऊण सेकंदाचाच वाटेल! हे आपल्या इंदुरात रोज चालतं हो, राजवाड्यापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि निम्म्या शहराला कॅट म्हणजे फक्त रस्त्याचं नाव वाटतं.

शिप्राकाठ:
दादा गोष्ट फार सुंदर सांगितलीत पण एक सांभाळा, भागवतात वेगाचा उल्लेख कुठेच नाही, ब्रह्मलोकातला काळ वेगळा एवढंच आहे. आइनस्टाइनने १९०५ मध्ये दिलं ते वेगाने काळ मंदावण्याचं सूत्र, त्यातून आकडा निघतो आणि तो मोजून तपासता येतो, जीपीएसच्या उपग्रहातली घड्याळं वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून (हा त्याचा नंतरचा सिद्धांत) ४५ पुढे जातात, मिळून ३८ पुढे, हे हिशोबात धरलं नाही तर फोन भलत्याच गल्लीत नेईल. दोन्ही एकच आहे असं मुलांना सांगू नका, नाहीतर पुष्पक विमानच पुन्हा.

मी भाविक आहे, महाकालाला नेमाने जाते, म्हणूनच मला इंग्रजी विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कची १९५३ ची 'देवाची नऊ अब्ज नावं' इतकी जवळची वाटते. तिबेटातले लामा देवाची सगळी शक्य नावं लिहून काढत असतात, हाताने १५ हजार वर्षं लागतील म्हणून कॉम्प्युटर भाड्याने आणतात, काम १०० दिवसांचं, सोबत दोन इंजिनियर ज्यांचा कशावरच विश्वास नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा आजीचं विष्णुसहस्रनाम चालू होतं शेजारच्या खोलीत आणि शेवटच्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. शेवट आधी फोडू नका.

आणि विसर्जनानंतरच्या रविवारी पोरांना उज्जैनच्या वेधशाळेत न्या, जुने ज्योतिषी मध्यरेषा उज्जैनवरूनच धरायचे, सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, सावली सरकताना बघू द्या.

मालव्यातली_मावशी:
सगळ्यांचे मनापासून आभार, पहिल्या दिवशी रेवती, दुसऱ्या दिवशी कृष्णविवर, क्लार्कची मी स्वतः मराठीत सांगते. त्या मुलीला आत्ताच गणित पाठवलं, एका चतुर्युगाची ४३ लाख २० हजार वर्षं गुणिले २७. दोन मिनिटांत उत्तर आलं, ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं, आणि खाली लिहिलंय, काकू मग रेवतीची नखं किती वाढली असतील?

कॅट_रोडवाला:
गाणं संपेपर्यंत जेवढी वाढतात तेवढीच. पण तुम्ही सांगू नका, तिलाच काढू द्या.