विधी महाविद्यालयांनी सशुल्क निकालसंग्रहाची वर्गणी भरावी का?

धागाकर्ता (विधी, तृतीय वर्ष)
अभिरूप न्यायालयाच्या (काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करण्याच्या) स्पर्धेत माझ्या सहकाऱ्याने ‘एशियन रिसरफेसिंग’ या 2018 च्या निकालाचा आधार घेतला. कारणे नोंदवून मुदतवाढ दिली नाही, तर खटल्यावरची स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते. परीक्षकांनी एवढेच विचारले, “हा निकाल आज टिकून आहे का?” तो टिकून नव्हता, 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो चुकीचा ठरवला होता. आम्ही मोबाइलवर उतरवून घेतलेल्या निकालाच्या प्रतीवर तशी कोणतीही खूण नव्हती. आमच्या महाविद्यालयाकडे अशी खूण दाखवणाऱ्या सशुल्क निकालसंग्रहाची वर्गणी आहे, पण लॉगिन ग्रंथालयातल्या एकाच संगणकावर चालते आणि ग्रंथालय पाचला बंद होते. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्याने काय करावे? एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्र यांसारखा सशुल्क संग्रह घरून वापरण्याची सोय प्रत्येक विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे.

प्रतिसाद 1 (वकील)
मी असहमत आहे. निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नसते, डी. बी. मोडक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. प्रकाशकाचा हक्क असतो तो त्याने स्वतः लिहिलेल्या हेडनोटवर (निकालाच्या आधी छापलेल्या सारांशावर), आणि ज्याला सुरुवातीपासून हेडनोटची सवय लागते तो पूर्ण निकाल वाचायचे टाळतो, हे मी कनिष्ठ वकिलांमध्ये रोज पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा अधिकृत ऑनलाइन संग्रह, ई-एससीआर, 2023 पासून विनामूल्य आहे. ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर कोणत्याही निकालाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निकालांत झाला, त्याची यादी दिसते; तिच्यातले ताजे निकाल आधी उघडले असते, तर तुमची चूक तिथेच सापडली असती. वर्गणीचे पैसे ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवण्यासाठी आणि शोध कसा घ्यावा हे शिकवण्यासाठी खर्च करावेत.

धागाकर्ता
नऊपर्यंतच्या ग्रंथालयाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र त्या यादीत कधी शेकडो निकाल येतात, आणि त्यांपैकी कोणी मूळ निकाल उचलून धरला व कोणी मोडला, हे एकेक उघडूनच कळते. हे काम करायला वकिलांकडे कनिष्ठ असतात. आमच्याकडे स्पर्धेच्या आदली रात्र असते.

प्रतिसाद 2 (मराठी माध्यमातून आलेली विद्यार्थिनी)
दोघांच्याही म्हणण्यात भाषेचा विचार आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर मिळतात आणि मला त्यांचा फार आधार वाटतो. मुद्दा आधी मराठीत समजला की इंग्रजी निकाल निम्म्या वेळात वाचून होतो. पण अधिकृत मजकूर इंग्रजीच, असे त्या अनुवादांवरच लिहिलेले असते, त्यामुळे युक्तिवादात उतारा इंग्रजीच द्यावा लागतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचायला शिकवणारा एकही तास आम्हाला नाही.

प्रतिसाद 3 (ग्रंथपाल)
वर्गणी घ्यायचीच असेल, तर महाविद्यालयाबाहेरून लॉगिनची अट करारात आधीच लिहून घ्यावी आणि ती विद्यार्थ्यांना सूचनाफलकावर कळवावी. सोय उपलब्ध असूनही ती कोणी मागितली नाही म्हणून सुरूच झाली नाही, असे मी स्वतः पाहिले आहे.