पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला एमसीटी तेल आणि जीवनसत्त्वांचे थेंब कसे द्यावेत? (दरमहा खर्च ३,००० रुपयांच्या आत)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमचा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. जन्मानंतरची कावीळ उतरत नव्हती आणि शी मातकट-पांढरी होऊ लागली होती, पण "कोवळ्या उन्हात धरा, जाईल" असे घरीदारी सगळेच सांगत राहिल्यामुळे आमचे तीन आठवडे वाया गेले. शेवटी यकृताबाहेरची पित्तनलिका बंद असल्याचे, म्हणजे बिलिअरी अट्रेशियाचे, निदान झाले आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी पुण्यात कासाई शस्त्रक्रिया (आतड्याचा भाग यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी) झाली. आता शी पिवळसर-हिरवी होते. तरी पित्त अजून पुरेसे उतरत नाही, त्यामुळे दुधातला स्निग्धांश पचत नाही आणि वजन ४ किलो ९०० ग्रॅमवर अडले आहे.

डॉक्टरांनी अंगावरचे दूध चालू ठेवून एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धांशाचे तेल) दिवसातून चार वेळा १ मिली, 'ए' आणि 'ई' जीवनसत्त्वांचे थेंब रोज, 'डी'चे थेंब रोज आणि 'के' आठवड्यातून एकदा लिहून दिले आहे. अडचणी अशा आहेत. तेल दुधावर तरंगते आणि निम्मे बाटलीच्या कडांनाच चिकटून राहते. थेंब तोंडात गेले की तो जिभेने बाहेर ढकलतो, आणि त्याची सगळी लाळेरी आता पिवळी पडली आहेत. सांगलीत 'डी'ची लिहून दिलेली बाटली नव्हती, तेव्हा दुकानदाराने "हेही तेच आहे" म्हणून दुसरी दिली. ती मी अजून उघडलेली नाही. शिवाय सासूबाईंना घुटी सुरू करायची आहे. पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे. तेल आणि थेंब मिळून महिन्याला ३,००० रुपयांच्या वर जाणे आम्हाला परवडणारे नाही.

धनूची आई (नागपूर)

ताई, आमची धनू सातव्या महिन्यात झाली होती, त्यामुळे थेंबांचा आमचा अनुभव दांडगा आहे. तेल दुधात घालूच नका. मी सरळ चमच्याने घशात सोडत असे आणि वर दोन घोट दूध पाजत असे. काहीही झाले नाही. आज ती पहिलीत आहे आणि वर्गात सर्वांत उंच आहे.

नारळीपौर्णिमा (देवगड)

एमसीटी तेल म्हणजे नारळाच्या तेलाचेच शहरी नाव आहे, ते नारळापासूनच काढतात. आमच्याकडे लाकडी घाण्याचे शुद्ध तेल एमसीटीच्या बाटलीच्या कितीतरी कमी भावात मिळते. मी स्वतः लहानपणी तेच खाऊन मोठा झालो आणि माझे यकृत आजही ठणठणीत आहे. आपण पत्ता कळवल्यास दोन लिटर पाठवतो.

निवृत्त मास्तर (बार्शी)

देवगडकरांचे अर्धे खरे आहे, आणि घोटाळा नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे. एमसीटी तेल बहुधा नारळाच्या किंवा पामबियांच्या तेलापासूनच तयार करतात, परंतु त्यातून आठ आणि दहा कार्बनांची साखळी असलेली स्निग्धाम्ले वेगळी काढून घेतात. ही आखूड साखळी पित्ताची फारशी वाट न पाहता आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरते, म्हणूनच ती या बाळाला उपयोगाची आहे. नारळाच्या तेलात सुमारे निम्मा भाग बारा कार्बनांच्या लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याचा बराच हिस्सा लांब साखळीच्या स्निग्धांशासारख्याच वाटेने जातो. आठ आणि दहावाली आम्ले त्यात जेमतेम सातवा हिस्सा असतात. ऊस आणि साखर एकाच शेतातून येतात, म्हणून कुणी चहात उसाचे कांडे बुडवत नाही.

नारळीपौर्णिमा (देवगड)

मास्तर, आपण कधी घाण्याचे तेल चाखले आहे का? पिशवीतले खाऊन नारळावर मते देणे सोपे असते.

न्यू जर्सीकर

हे सगळे वेगवेगळे थेंब देत बसण्याची गरजच नाही. इकडे 'ए', 'डी', 'ई' आणि 'के' चारही एकत्र असलेली, पाण्यात मिसळणारी बाटली मिळते. माझ्या बहिणीच्या मुलाला फुप्फुसांच्या आणि स्वादुपिंडाच्या आजारासाठी तीच देतात. किंमत भारतीय रुपयांत पाहू नये, मुलाच्या तब्येतीपुढे पैशांचा विचार कसला करायचा! 'डी'चेही इथे इतके सोपे आहे की एका थेंबात ४०० युनिट असतात. आईने स्तनाग्रावर एक थेंब लावला की काम झाले. मी डिसेंबरात येणार आहे, येताना चार बाटल्या आणू शकेन.

औषधवाला (कराड)

मी एकवीस वर्षे काउंटरवर उभा आहे, त्यामुळे दुकानदारांच्या "हेही तेच आहे" या वाक्याची मला जितकी लाज वाटते तितकी कुणाला वाटत नसेल. ताई, ती नवी बाटली उघडली नाहीत हे फार उत्तम केलेत. आपल्याकडे 'डी'चे थेंब मुख्यतः दोन ताकदींत येतात, एका मिलीत ४०० युनिट आणि एका मिलीत ८०० युनिट. खोकी जवळजवळ सारखी दिसतात. डॉक्टरांनी 'एक मिली' लिहिले असेल आणि बाटली बदलली असेल, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून चिठ्ठीवर मिलीबरोबर युनिटही लिहून मागा.

न्यू जर्सीकरांच्या एका थेंबात ४०० युनिट असतील, तर तीच बाटली घरातल्या कुणी आपल्या सवयीप्रमाणे एक मिली भरून दिली की काय होईल, याचा हिशेब त्यांनी स्वतःच करावा. अमेरिकेच्याच अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली याविषयी पालकांना सावध केले होते, कारण काही ड्रॉपरांमध्ये तान्ह्या बाळाच्या रोजच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त औषध मावत होते. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला कधीही लावू नका.

दुसरी गोष्ट कुणीच बोलले नाही, आणि माझ्या मते खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. ही चारही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी आहेत, म्हणजे पित्त कमी असेल तर तीही अंगी लागत नाहीत. अशा बाळाला तेलात बनवलेले थेंब देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यासारखे आहे. खोक्यावर 'पाण्यात मिसळणारे' अशा अर्थाचा उल्लेख आहे का ते पाहा, आणि तो नसेल तर तसाच फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. 'मल्टिव्हिटॅमिन' लिहिलेल्या बाटलीत 'के' असतेच असेही समजू नका, मागची यादी वाचा.

टोकियोची सून

मी निशी-कासाईत राहते, जिथे निम्मी वस्ती आपल्या लोकांची आहे असे गमतीने म्हणतात. ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात शोधणाऱ्या डॉ. मोरिओ कासाईंचे आडनाव आणि आमच्या वस्तीचे नाव एकच, त्यामुळे हा धागा उघडला. इथे गरोदर बाईला जी माता-बाल पुस्तिका मिळते, तिच्यात २०१२ पासून शीच्या रंगांचे कार्ड असते. बाळाची शी कार्डावरील फिक्या रंगांशी जुळली तर लगेच दवाखान्यात जायचे असते. ताईंचे ते तीन आठवडे वाचून फार वाईट वाटले. आपल्याकडे असे कार्ड प्रत्येक प्रसूतिगृहात का देत नाहीत?

निवृत्त मास्तर (बार्शी)

रास्त प्रश्न आहे. तान्ह्याच्या काविळीला 'ऊन' हे एकच उत्तर ठरवून टाकणाऱ्या शेजारणींनाही ते कार्ड द्यावे. दोन आठवड्यांवर कावीळ टिकली तर रक्तातील बिलिरुबिनचे, म्हणजे काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचे, दोन्ही प्रकार मोजायचे असतात, ऊन मोजायचे नसते.

सहाण (पैठण)

येथे सगळे इंग्रजी औषधांचीच वकिली करत आहेत. घुटीवर आमच्या सात पिढ्या वाढल्या. मायफळ, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, अतिविष यांचा सहाणेवर एकेक वेढा आणि मधाचे एक बोट, एवढे दिले तर स्निग्ध पदार्थही पचतील आणि पोटही साफ राहील. सासूबाईंचे ऐका, त्यांनी मुले वाढवली आहेत.

चिकूची आई (ठाणे)

सहाण, आपल्या सात पिढ्यांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांच्यापैकी कुणाची कासाई शस्त्रक्रिया झाली होती का? एक वर्षाच्या आत मध कोणत्याही बाळाला देत नाहीत, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. आधीच थकलेल्या यकृताला तर कुठलीही उगाळलेली मुळी, वेढा एक असो की दहा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाही. आमच्या घरीही हीच भांडणे झाली. मी शेवटी सासूबाईंनाच तपासणीला बरोबर नेले आणि डॉक्टरांनी त्यांना जे सांगितले ते माझ्या तोंडून त्यांनी कधीच ऐकले नसते.

कृष्णाकाठ ताई, आमच्या चिकूचाही हाच आजार. शस्त्रक्रिया त्रेसष्टाव्या दिवशी झाली, आता तो तीन वर्षांचा आहे. धनूच्या आईंची पद्धत मात्र कृपया वापरू नका. नुसते तेल घशात सोडले आणि ठसका लागून ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते, असे आमच्या आहारतज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. आम्ही असे करत असू: आधी काढलेले दूध फक्त १० मिली स्टीलच्या वाटीत घ्यायचे, सुईविरहित सिरिंजने तेल मोजून त्यात सोडायचे, चमच्याने चांगले फेटायचे आणि लगेच बोंडल्याने पाजायचे. वाटीत पुन्हा ५ मिली दूध घालून ती खंगाळायची आणि तेही पाजायचे. त्यानंतर अंगावर घ्यायचे. पूर्ण बाटलीत तेल घातले तर बाळ शेवटचे दूध सोडते आणि तेल नेमके त्यातच असते. बोंडले स्टीलचे घ्या, कारण या तेलाने काही प्लास्टिके मऊ पडून तडकतात. आमची एक वाटी तशीच गेली. तेल उकळत्या दुधात घालू नका आणि मात्रा स्वतःहून वाढवू नका. मी एकदा उत्साहाने वाढवली आणि दोन दिवस दुपटी धूत बसले.

थेंब जिभेवर टाकू नका. बाळाचे डोके थोडे उंच धरून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, आणि दोन्ही गालांत वाटून द्या. सगळे बाहेर काढले तर अंदाजाने पुन्हा देऊ नका, फोन करून विचारा.

आता माझी चूक सांगते. 'के' आठवड्यातून एकदाच असल्याने ते सर्वांत आधी विसरले जाते. आमच्या दुकानात तीन आठवडे ते नव्हते आणि मी "एवढे काय होते" म्हणून थांबले. लस टोचलेल्या जागी मांडीवर काळानिळा डाग पडला आणि तो पसरत गेला. रक्त गोठण्याची चाचणी बिघडलेली निघाली, तेव्हा इंजेक्शन द्यावे लागले आणि डोक्यात रक्तस्राव झाला नाही हे नशीब, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून गुरुवार हा आमचा 'के'वार आहे. कॅलेंडरवर दत्ताच्या चित्राखाली खूण असते.

धनूची आई (नागपूर)

मला जे करावे लागले ते मी सांगितले. काही झाले नाही म्हणजे बरोबरच होते, असे माझे म्हणणे नव्हते.

मुळशीचा बाबा

हेच सगळे लिहायला आलो होतो. तेल थोड्या दुधात मिसळा, युनिट पाहून बाटली घ्या, मध देऊ नका. आमच्या मुलीला हृदयाला छिद्र असल्याने दूध घट्ट करण्यासाठी भुकटी मिसळायला सांगितली होती आणि तिचे वजन झपाट्याने वाढले. तुम्हीही भुकटीच सुरू करा.

औषधवाला (कराड)

हृदयाच्या बाळाची भुकटी यकृताच्या बाळाला परस्पर लावू नका. एमसीटी असलेली वेगळी भुकटीही असते, पण ती कधी आणि किती द्यायची हे वजनाचा आलेख पाहून डॉक्टरच ठरवतात.

न्यू जर्सीकर

एकत्र बाटलीचा मुद्दा सगळ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला आहे. चार बाटल्यांपेक्षा एक बाटली सुरक्षित, एवढे साधे गणित आहे.

चिकूची आई (ठाणे)

या एका बाबतीत मी न्यू जर्सीकरांच्या बाजूची आहे. मला तेव्हा मिळाली असती तर मी तीच घेतली असती.

मुळशीचा बाबा

एकत्र बाटलीला माझेही मत. हेच लिहायला आलो होतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदाराने दिलेली बाटली ८०० युनिटची निघाली आणि चिठ्ठीवर ४०० ची होती. फोटो पाठवल्यावर डॉक्टरांनी ती परत करायला सांगितली. काल सांगलीच्या भांड्यांच्या पेठेतून १८० रुपयांना स्टीलचे बोंडले आणले. आज पहाटेपासून तेल १० मिली दुधात फेटून दिले आणि वाटीला तेलाचा थर राहिला नाही. एवढ्यावरच मला रडू आले.

एकत्र बाटली मात्र मी घेणार नाही, तुम्ही तिघांनी सांगितले तरी. खर्च बाजूला ठेवला तरी फोनवर मी डॉक्टरांना तेच विचारले. ते म्हणाले की रक्तातली पातळी तपासून प्रत्येक जीवनसत्त्वाची मात्रा वेगवेगळी कमी-जास्त करावी लागते. समजा 'डी' कमी निघाले म्हणून एकत्र औषध वाढवले, तर नको असताना 'ए'ही वाढते, आणि जास्त झालेले 'ए' यकृतालाच त्रास देते. काही बाळांना एकत्र औषध उत्तम चालते, पण आमची पहिली चाचणी अजून व्हायची आहे आणि डिसेंबरात बाटल्या संपल्यावर पुढच्या कुणी आणायच्या, हाही प्रश्न आहे. म्हणून चार वेगळ्या बाटल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आणि तिच्याच ड्रॉपरला तोच रंग, असे केले आहे. चार बाटल्या आणि तेल मिळून हिशेब २,७०० च्या आसपास बसतो. घुटीबद्दल सासूबाईंना मी काहीच सांगितलेले नाही. त्या बारा दिवसांनी आमच्याबरोबर पुण्याला येत आहेत.

न्यू जर्सीकर

विचारायचे सर्वांना आणि करायचे मनाचे, हे आपल्या लोकांचे नेहमीचेच आहे. तरी मुलाला आशीर्वाद.

नारळीपौर्णिमा (देवगड)

ताई, पोटात नको तर नको, पण घाण्याचे तेल मालिशला तरी चालेल ना?

कृष्णाकाठ (सांगली)

मालिशला चालेल, भाऊ. पण दोन लिटर नको, एक बाटली पुरे.