जोडप्यांची थेरपी तीन दिवसांत शिकलात? अभिनंदन!

तिसरी_खुर्ची
परवा इथे लेख आला: "संशोधनाने कुणाचा संसार सावरलाय?" सारांश असा की तीन दिवसांची कार्यशाळा, एखादा मुरलेला गुरू आणि माणसांची जाण असली की जोडप्यांची थेरपी जमते, आकडे विद्यापीठवाल्यांना लखलाभ. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

कार्यशाळेत तंत्र पाहायला मिळतं. गोची होते ती दोघं समोर बसल्यावर. ती दहा मिनिटं बोलते, हा खिडकीकडे बघतोय, ट्रेनी, म्हणजे शिकाऊ थेरपिस्ट, तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतोय. नंतर सुपरव्हायजरला, म्हणजे त्याचं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टला, सांगतो, "दोघंही मोकळे झाले." खोटं बोलत नसतो, त्याला दिसलेलंच नसतं. व्हिडिओ लावा: सगळी मान तिच्याच दिशेने, आणि आठव्या मिनिटाला नवऱ्याने खुर्ची मागे सरकवली. एकाशी सूत जुळताना दुसऱ्याशी तुटतं, हे एकेकट्या क्लायंटवर शिकून आलेल्याच्या गावीही नसतं. म्हणून आठवणीवर चालणारी सुपरव्हिजन इथे निम्मी वाया जाते. अख्खं सेशन पाहू नका. पाच मिनिटांचे दोन तुकडे पुरे: एक सूर लागला तो, एक हातातून निसटला तो. निसटलेला मध्येच थांबवून विचारा, आता पुढचं वाक्य कुणाला?

जुनाजाणता
मिनुचिन आणि हेली हे कुटुंब-थेरपीतले जुने गुरू एकतर्फी आरशामागून सेशन बघत हेच शिकवत होते, तेव्हा कुठे होत्या तुमच्या संशोधनाच्या चाचण्या? आणि चाचण्यांनी दिलं काय? क्रिस्टेन्सन-जेकबसन या संशोधकांचा जोडप्यांच्या थेरपीवरचा प्रयोग घ्या. १३४ जोडपी, दोन पद्धती, जास्तीत जास्त २६ सेशन्स. पाच वर्षांनी दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपास सुधारलेली, पावएक विभक्त. मग ट्रेनीने पद्धतीचं मॅन्युअल कशाला घोकायचं?

आकडेमोड
ती जोडपी मुद्दाम जुनाट, गंभीर भांडणांची निवडली होती, हे सोयीस्कर गाळलंत. थेरपिस्टांच्या सेशन्सची रेकॉर्डिंग्ज तपासून सूचना दिल्या जात, हेही. म्हणजे दोन्हीकडे कडक सुपरव्हिजन होती! त्यावरून ट्रेनिंग फुकट असं कसं निघतं?

माझी चीड वेगळी आहे: जोडप्याच्या गुणांची सरासरी. स्पॅनियरची १९७६ची, संसार किती जमतोय ते मोजणारी प्रश्नावली, ३२ प्रश्न, १५१ पैकी गुण, साधारण ९७च्या खाली म्हणजे संकट. तिचे ८०, त्याचे १२०. सरासरी १००, लेखी जोडपं सुखी! दुसरा घोळ म्हणजे ६० जोडपी घेऊन १२० सुटी माणसं असल्यासारखं गणित करणं. एका घरातले दोघं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे चुकीची शक्यताच चुकीची मोजली जाते. तिसरा, गळालेल्यांना वगळून फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांचा निकाल छापणं.

जुनाजाणता
मग घटस्फोटाचं नव्वद टक्के अचूक भाकीत? ते करणारा संशोधक गॉटमन तुमच्याच गोटातला आहे.

तिसरी_खुर्ची
तिथे हार मान्य. ज्या जोडप्यांवर सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं की अचूकता फुगणारच. हेमन आणि स्लेप या संशोधकांनी २००१मध्ये असंच एक सूत्र बसवून ते वेगळ्या जोडप्यांवर लावून दाखवलं, आकडा घसरला. पण ती चूक पकडली कुणी? संशोधकांनीच. गुरूने नाही.

अर्धं_दार
अवांतर: थेरपीच्या सुरुवातीच्या चार भेटींच्या आखणीत पहिली एकत्र, मग दोघांची एकेक वेगळी, चौथी एकत्र. वेगळ्या भेटीत नवरा सांगतो की दुसरं प्रकरण चालू आहे. आता? गुपितांबद्दल लेखी ठरलेलं नसेल तर ट्रेनी तिथेच अडकतो. सांगितलं तर विश्वासघात, लपवलं तर बायकोच्या विरोधात सामील.

जुनाजाणता
म्हणून "इथे गुपित नाही" असा करार आधीच करायचा. संपलं.

अर्धं_दार
संपलं कसलं! तो करार हिंसेला लावलात की मार खाणारी व्यक्ती गप्प बसते. भीतीबद्दल सांगितलेलं जोडीदारापर्यंत जाणार नाही, हे वेगळं आणि भेटीच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. "हिंसा होते का?" विचारलं तर उत्तर "नाही". कृती विचारा: ढकललं? गळ्याला हात लावला? दार अडवलं? फोन हिसकावला? आणि इथे बोललेल्याचा घरी गेल्यावर त्रास होतो का? होत असेल तर एकत्र सेशन थांबवायचं, पण कारण असं द्यायचं की बोट तिच्याकडे वळणार नाही.

जुनाजाणता
म्हणजे नवऱ्याशी खोटं बोलायचं? हीच तुमची नैतिकता?

अर्धं_दार
खोटं कशाला? "या टप्प्यावर वेगवेगळं काम उपयोगी पडेल" यात खोटं काय आहे? तुमचा नियम पाळून कुणी दवाखान्यात पोचलं तर नैतिकता कुणाच्या नावावर लिहू?

आकडेमोड
भाषा आवरा दोघंही. धागा ट्रेनिंगचा होता. २००९चा नॉर्वेतला प्रयोग बघा: २०५ जोडपी, सेशनच्या सुरुवातीला दोघांनी कागदावरच्या चार रेघांवर "गेला आठवडा कसा गेला" याच्या खुणा करायच्या. ज्यांचा कागद थेरपिस्टने पाहून वापरला, त्यांच्यात ठोस सुधारणेचं प्रमाण बाकीच्यांच्या जवळपास चौपट.

जुनाजाणता
कागद बनवणाऱ्यांपैकीच एक जण त्या प्रयोगाच्या लेखकांत आहे, तेही लिहा की. बरं, रेघा मारून घेऊ. गुरू मात्र काढू नका.

तिसरी_खुर्ची
काढा असं म्हटलंच नव्हतं, गुरूला व्हिडिओ दाखवा एवढंच होतं. आणि तो कागद दोघांनी बसायच्या आधी, वेगवेगळ्या कोपऱ्यात भरायचा. शेजारी बसून भरला तर एक जण दुसऱ्याची रेघ बघूनच खूण करतो.