गॅरेज सेलमधला ‘५’: प्रिंट की पोस्टर?

निमा_जर्सी
शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे चालल्यात. त्यांच्या गॅरेज सेलमधून २० डॉलरला एक फ्रेम उचलली. वर्तुळात पंचकोन, त्यात चांदणी आणि एकात एक बसलेले तीन ५. बाजूला मोठी इंग्रजी अक्षरं, ठसा मारल्यासारखी. खाली कोपऱ्यात रॉबर्ट इंडियाना या अमेरिकन चित्रकाराची सही. आजी म्हणतात ओरिजिनल आहे, नवरा म्हणतो कॅलेंडरचं पान. कसं ओळखायचं?

छापखाना_सदाशिव
ताई, सही सोडा, सहीसकट छापता येतं. आधी काचेतून बाहेर काढा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. लाल पट्टीत निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची घाऊक छपाई, विषय संपला. स्क्रीनचं काम, म्हणजे जाळीतून एकेक रंग दाबून केलेली छपाई, असेल तर रंग सलग, झाकून टाकणारा, कागदावर किंचित चढलेला. शेजारच्या दोन रंगांची कड बघा: एकाची धार दुसऱ्याखाली केसभर गेलेली असते, कारण रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, जरा हललं तरी मध्ये पांढरी रेघ उघडी पडू नये. आम्ही लग्नपत्रिकांवरच्या गणपतीला हेच करायचो.
पण ठिपके नाहीत म्हणजे ओरिजिनल, असं नाही हं. ऑफसेटवरही सुटा रंग सलग छापता येतो. मग कागद, पेन्सिलीतला आवृत्तीचा क्रमांक, मागची बाजू, सगळं बघावं लागतं.

स्लिपवाला
चित्र ओळखीचं आहे. चार्ल्स डेमथने १९२८ मध्ये सोनेरी ५ चं चित्र काढलं, मित्र विल्यम कार्लोस विल्यम्सच्या कवितेवरून. पावसात धडधडत जाणाऱ्या अग्निशमन गाडीवरचा तो आकडा. इंडियानाचा जन्मही १९२८ चाच. त्याने १९६३ मध्ये त्या ५ वर अख्खी मालिका केली. १९६३ वजा १९२८ म्हणजे ३५, असले हिशेब त्याला फार आवडायचे.
आणि ठशासारखी अक्षरं म्हणालात ना, ते बरोबर पकडलंत. मॅनहॅटनच्या टोकाला कोएंटीज स्लिपवर जहाजांचं सामान विकणाऱ्यांच्या जुन्या इमारतीत तो राहायचा, तिथे त्याला पितळी स्टेन्सिलं सापडली. वडील फिलिप्स ६६ या पेट्रोल कंपनीत होते, त्या पाटीचा लाल-हिरवा रंग त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. माझ्या मते हे चित्रापेक्षा हायवेची पाटी म्हणून बघावं, तेव्हा जास्त मजा येते.

छापखाना_सदाशिव
पाटीच आहे ती! म्हणून तर स्क्रीनला सोयीची. सपाट रंग, कडक कड, छटा नाहीत. त्याचा ० ते ९ चा संच १९६८ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टच्या डोम्बर्गर छापखान्यात छापला. तसलं काम बघितलं की आमच्या स्क्वीजीची, म्हणजे जाळीवरून रंग ओढायच्या रबरी पट्टीची, लाज वाटते.

स्लिपवाला
खरेदीला सावध राहा मात्र. त्याचं ते कलंडलेल्या ‘ओ’चं ‘लव्ह’ हे अक्षरचित्र १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या ख्रिसमस कार्डावर आलं, १९७३ मध्ये ८ सेंटच्या तिकिटावर. कॉपीराइटची नोंद नव्हती, त्यामुळे कपबशीपासून पायपुसण्यापर्यंत ज्याला हवं त्याने छापलं.

निमा_जर्सी
मुलाच्या स्टॅम्प कलेक्शनमधलं भिंग घेतलं. लाल पट्टीत ठिपकेच ठिपके. नवरा जिंकला. आजींना सांगणार नाही. आणि हॉलमध्ये लावणारच, सोफ्यामागे.

छापखाना_सदाशिव
लावा की! फक्त खिडकीसमोर नको. उन्हात लाल-पिवळा आधी उडतो, निळा-काळा तेवढा उरतो.