दहावीच्या भूमितीसाठी मदत हवी आहे (पुरवणी परीक्षा)

नमस्कार मंडळी. माझी भाची सेलूजवळच्या गावात असते. दहावीला तिचं गणित राहिलं. एटीकेटीवर (विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची सवलत) अकरावीला प्रवेश मिळेल, पण पुरवणी परीक्षेतच विषय काढायचाय. बीजगणित बरं आहे, अडतंय ते भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत. महत्त्वमापनाची सूत्रं तोंडपाठ. पण वर्तुळावरचं प्रमेय आलं की आकृती सुबक काढते, 'पक्ष', 'साध्य' लिहिते आणि पेन खाली ठेवते! स्पर्शिका-छेदिका तर डोक्यावरूनच जातं. ४० मार्कांच्या पेपरासाठी आधी काय पक्कं करावं, समरूपता, भौमितिक रचना की निर्देशक भूमिती? सिद्धता नुसत्या घोकण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. परभणी-सेलूकडं शिकवणारे कुणी सर-मॅडम असतील तर सांगा. क्लाससाठी लातूरला ठेवणं आत्ता जमणार नाही, घरी पेरणीची गडबड आहे.